डावीकडे कललेला भात

बांबूची ती निमुळती टोपली वेनिंगने एका बाजूने धरली होती आणि एका अनोळखी तरुणाने दुसऱ्या बाजूने. सोडायला कुणीच तयार नव्हतं, कारण बेरिंगहार्जो बाजारातल्या त्या दुकानात तेवढ्या मापाची ती एकच उरली होती.

"तुम्हाला कशाला हवीय ही?" तिने विचारलं.

"डोक्यावर घालायला."

वेनिंगने त्याला नीट न्याहाळलं. चष्मा, इस्त्रीचा सदरा, गालावर खडूचा पांढरा पट्टा... दिसायला तर बरा होता, वेडा वाटत नव्हता.

"माझ्या नाही," तो घाईघाईने म्हणाला. "दुसरीतल्या एका पोराच्या. सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या नाटकात तो मेरापी ज्वालामुखीचा डोंगर झालाय."

"आणि मला हिच्यात तुम्पेंगचा भात लावायचाय. आधी भात की आधी डोंगर?"

"तुम्पेंग म्हणजे तरी काय, भाताचाच डोंगर," तो म्हणाला, आणि हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरायचा त्याचा.

दुकानवाल्या बाईंना या दोघांच्या वादात काडीचा रस नव्हता. त्याने पैसे पुढे केले ते डाव्या हाताने. बाईंनी त्या हाताकडे असं काही पाहिलं की त्याने ओशाळून नोट उजव्या हातात घेतली. वेनिंगला हसू आवरेना. मग रीतसर तह झाला: टोपली आधी तिची, काम झालं की त्याची. मात्र त्या बदल्यात भात चाखायला मिळाला पाहिजे, असं त्याने बजावलं. बिघडला तर, असं तिने विचारलं, तर म्हणाला, बिघडलेलाही खाईन. प्रास नाव होतं त्याचं. पण बाजाराबाहेर दोघं गार सरबत प्यायला थांबले तोवर ती त्याला 'मास्तर' म्हणायला लागलीसुद्धा.

तिथेच तिने त्याला सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला का सांगितलं, ते तिलाही कळलं नाही.

तिची आई सुपार्मी, तिथल्या रीतीने मानाने 'बू' सुपार्मी, अख्ख्या वस्तीचे तुम्पेंग करायची. कुणाचा वाढदिवस असो, नवं घर असो, की कुणाचं पोर परीक्षेत पास झालेलं असो, हळदीच्या भाताचा उंच पिवळा डोंगर सुपार्मीच्याच चुलीवरून यायचा. ज्याचा वाढदिवस, त्याने डोंगराचं टोक कापायचं आणि आपल्या सगळ्यात जिवलग माणसाच्या हातात द्यायचं, ही तिथली रीत. नवऱ्यामागे सुपार्मीने याच भातावर घर चालवलं. वेनिंगची शाळा, तिची पहिली सायकल, औषधाच्या दुकानातल्या नोकरीसाठीचं शिक्षण, सगळं त्या पिवळ्या भातातून निघालं. पण स्वतःच्या तुम्पेंगचं टोक कापायची वेळ त्या माउलीवर कधी आलीच नाही. तिचे वाढदिवस दुसऱ्यांचा भात ढवळण्यात सरले. यंदा तिला साठ वर्षं पूर्ण होत होती, आणि वेनिंगने मनाशी पक्कं ठरवलं होतं की आईचे पांग फिटायचे नाहीत, पण निदान एक संध्याकाळ तिची करायची. तीसुद्धा तिला कानोकान खबर न लागू देता.

तिची मूळ युक्ती वेगळीच होती. खोट्या नावाने आईलाच तुम्पेंगची ऑर्डर द्यायची आणि ती भात घेऊन आली की सगळ्यांनी गाणं म्हणायचं. भात लावायला टोपली मात्र आपण द्यायची, नवी कोरी.

"म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाला त्यांनीच चुलीपुढे बसायचं?" मास्तर म्हणाला.

वेनिंगला राग आला, कारण तो बरोबर बोलला होता.

"मला साधा भात येत नाही," ती पुटपुटली.

"मलाही नाही. पण शाळेमागच्या पडवीत एक शेगडी आहे... आणि रविवारी तिथे कुणी नसतं."

मग काय, रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी खीर झाली. पुढच्या खेपेला भात शिजला, पण टोपली उपडी करताक्षणी मेरापीचा असा उद्रेक झाला की दोघं हसून हसून भिंतीला टेकले. तो ढिगारा त्यांनी एकाच ताटातून खाल्ला. पहिल्या भेटीतला शब्द मास्तरने तंतोतंत पाळला, कच्चे दाणेसुद्धा कुरकुर न करता चावले. वाफेने त्याचा चष्मा धुरकटायचा, त्याचे हात भातात असायचे, म्हणून वेनिंग तो काढून रुमालाने पुसून पुन्हा त्याच्या नाकावर ठेवायची. ठेवताना कधी कधी उगाच वेळ लागायचा. एकदा त्याचं बोट पोळलं, तिने फुंकर घातली, आणि बोट गार झाल्यावरही तिने हात धरूनच ठेवलाय हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. दोघं एकदमच भाताकडे बघायला लागले.

घरी मात्र पंचाईत. हळदीने पिवळी पडलेली नखं लपवायची कुठे? वेनिंग आईसमोर मुठी मिटून बसायची. आई काही विचारायची नाही. एवढंच म्हणाली, "हल्ली तुमच्या औषधांना हळदीचा वास येतो वाटतं."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शेवटचा सराव झाला. भात उभा राहिला, हलला नाही. वेनिंगला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. उद्या काम संपलं की टोपली त्याची, आणि मग रविवारी भेटायला निमित्त काय उरणार?

"उद्या संध्याकाळी टोपली घेऊन जा," ती म्हणाली. "तुमचा डोंगर खोळंबला असेल."

"डोंगराला काय... तो थांबतो," तो म्हणाला. "त्याला कुठे जायचं असतं."

ती वाट पाहत राहिली. त्याने पातेलं घासायला घेतलं. एवढ्या पोरांना बोलायला शिकवतो आणि स्वतःला दोन शब्द सुचू नयेत, असं म्हणत ती चिडून घरी गेली. आपल्याला तरी कुठे सुचले, हे रस्त्यात आठवलं तेव्हा आणखीच चिडली.

दुसऱ्या दिवशी वस्तीप्रमुखांची बायको बू एंदाह सुपार्मीला बोलवायला गेली. थाप ठरलेली होती: सतरा ऑगस्टला वस्त्या-वस्त्यांची तुम्पेंगची स्पर्धा आहे, आपल्या पोरींनी नमुना केलाय, तुम्ही जरा पारखून द्या. तिकडे सभागृहात सगळे मंचाच्या पडद्यामागे श्वास रोखून दाटीवाटीने उभे. सुपार्मी भातासमोर आली की सगळ्यांनी बाहेर येऊन गाणं म्हणायचं होतं.

पण सुपार्मी परीक्षक म्हणून आली होती. पडदा हलायच्या आत तिने चष्मा लावला, भाताभोवती एक फेरी मारली, दोन दाणे तोंडात टाकले आणि निकाल दिला.

"डावीकडे कललाय. हळद जास्त, नारळाचं दूध कमी. बुडाला कच्चा. एंदाह, हा स्पर्धेला पाठवलात तर वस्तीचं नाक कापलं जाईल."

पडद्यामागे गाणं सुरू करायचंच राहिलं. वेनिंगचे डोळे भरून आले. इतक्या रविवारांची मेहनत, आणि आईने दोन दाण्यांत नापास केलं. तेवढ्यात मास्तरने हळूच तिच्या पाठीला हात लावला, आणि ती पडदा सारून बाहेर आली.

"आई, तो मी केलाय. तुझ्यासाठी... आज तुझा वाढदिवस आहे."

सुपार्मी लेकीकडे पाहत राहिली, मग भाताकडे. मागून कुणीतरी उशिरा, बेसूर गाणं सुरू केलं आणि हळूहळू सगळी वस्ती त्यात सामील झाली. गाणं संपेपर्यंत सुपार्मीने भाताला हात लावून ठेवला होता.

"गरम आहे अजून," ती म्हणाली. "गरम भात मला कुणी वाढलेला आठवत नाही गं. मी सगळ्यांचं वाढून जेवायची, तोवर निवलेला असायचा." तिने बाहीने डोळे पुसले. "देवाने खूप दिलं मला. आज हेही दिलं."

तिने टोक कापलं, केळीच्या पानावर ठेवलं आणि कुणाकडेही न बघता वेनिंगच्या हातात दिलं. वेनिंग आईच्या गळ्यात पडली. सुपार्मीने तिची पाठ थोपटली, पण नजर पुन्हा भाताकडे गेली. सवय, दुसरं काय.

"उपडा केल्यावर दोन्हीकडून थापलाय हा," ती म्हणाली. "या बाजूची बोटं तुझी, ओळखते मी. पण त्या बाजूचा अंगठा उलटा उमटलाय. डावखुरा आहे कुणीतरी. आणि जोर त्यानेच जास्त लावलाय, म्हणून तुझ्या बाजूला कललाय."

वेनिंगच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पडद्यामागून मास्तर बाहेर आला, दोन्ही हात हळदीने माखलेले.

"मी... शाळेतला मास्तर," तो म्हणाला. मग वेनिंगकडे बघत, अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "टोपलीसाठी नव्हतो येत मी रविवारी... पहिल्या रविवारीसुद्धा नाही."

वेनिंगने पानावरच्या टोकाचे दोन भाग केले आणि एक त्याच्यापुढे धरला. गडबडीत त्याने डावाच हात पुढे केला.

"घेताना उजवा, मास्तर," सुपार्मी म्हणाली. "थापायला डावा चालला."

हशा पिकला. त्याने हात बदलला, घास घेतला, आणि कच्चे दाणे नेहमीसारखे चावून गिळले. सुपार्मीने मात्र तो नापास भात दोनदा मागून घेतला, आणि दोन्ही वेळा कच्चा आहे असं सांगून पानावर एक शीतही ठेवलं नाही.

निघताना मास्तरने भीतभीत टोपलीचा विषय काढला. तोवर सुपार्मी ती धुऊन काखेत मारून घराकडे चालू लागली होती. दोघं मागोमाग गेले, आणि वाटेत मास्तरने तिला नाटकाचं सांगितलं. स्वयंपाकघरात तिच्या काळपट जुन्या टोपलीशेजारी एक खिळा रिकामा होता. तिने नवी टोपली तिथे अडकवली.

"सतराला नाटकापुरती ने," ती म्हणाली. "मग इथे आणून लाव. भात कसा लावायचा ते दोघांना मी शिकवते. रविवारी."

वेनिंगने मास्तरच्या नाकावरून चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. वाफ नव्हती तरी.