कानशीचा आवाज

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात सकाळचा पहिला चहा आणि पंप जागे होण्याची यादी एकाच वेळी टेबलावर यायची. वसुधा आरवाडे कप बाजूला ठेवून पडदा सुरू करायची आणि आदल्या दिवशी जगात कुठे कुठे आपले नवे पंप पहिल्यांदा चालू झाले ते बघायची. निर्यात तपासणीची ती प्रमुख होती. बहुतेक सकाळी त्या यादीत बघण्यासारखं काही नसायचं.

पंप मुठीएवढा होता आणि द्रवाचं माप थेंबाथेंबाने राखायचा. डायलिसिसच्या यंत्रात रक्त धुणारं पाणी खेळवायला तो लागे, दुधाच्या कारखान्यात लागे आणि लांब पल्ल्याच्या हल्लेखोर ड्रोनच्या इंजिनाला इंधन पुरवायलाही नेमका तोच लागे. म्हणून दोन वर्षांपूर्वी कायदा झाला, की अशा दुहेरी उपयोगाच्या प्रत्येक वस्तूत साक्षीकण असलाच पाहिजे.

साक्षीकण म्हणजे तिळाएवढा स्फटिक. तो पंपाच्या धातूत ओतीव काम करतानाच बसवायचा, त्यामुळे नंतर काढू गेलं तर पंपच फुटायचा. त्याला बॅटरी नव्हती. पंपाच्या थरथरीवर तो जगायचा, ती थरथर नोंदवून ठेवायचा आणि काही तासांनी एकदा उपग्रहाकडे पुटपुटायचा. त्या पुटपुटण्यावरून पंप कुठे आहे ते कळे. बंदी घातलेल्या देशात तो निघाला, तर बनवणाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत कुलूप-आज्ञा पाठवायची. मग कण तापून वितळे आणि पंप कायमचा जाम होई.

त्या सोमवारी यादीत चौसष्ट पंप एकदम दिसले. वसुधाने त्यांचा पत्ता वाचला आणि चहाचा कप तसाच राहिला.

ते पंप पाच आठवड्यांपूर्वी एका लहानशा बंदराच्या देशात गेले होते, दूध-प्रक्रियेच्या यंत्रांसाठी. खरेदीदाराशी ती स्वतः तीनदा बोलली होती. त्याने आपलं गोदाम दाखवलं होतं, गायींचे फोटोसुद्धा पाठवले होते. अंतिम वापराच्या दाखल्याखाली सही तिचीच होती. आणि आता चौसष्टही पंप बंदीच्या यादीतल्या सतरा क्रमांकाच्या देशात जागे झाले होते. कचेरीत त्या देशाचं नाव कुणी घेत नसे. सगळे 'सतरा' म्हणत. दोन वर्षं तो शेजारच्या शहरांवर ड्रोन सोडत होता.

तिने मुंबईच्या निर्यात नियंत्रण कक्षात तांबोळी साहेबांना फोन लावला.

"गायी बघून फसले, साहेब," ती म्हणाली.

"तुम्ही एकट्या नाही, मॅडम. या महिन्यात त्याच बंदरातून गेलेला हा तिसरा माल." तांबोळींचा आवाज नेहमीसारखा शांत होता. "कुलूप लावून टाका. अहवाल मागाहून द्या."

"बुधवारी सकाळपर्यंत मुदत आहे ना?"

"आहे. का?"

"थरथरीच्या नोंदी एकदा बघते."

या नोंदी खरं तर दुरुस्तीसाठी असत. पंप कुठे झिजतोय हे त्यांवरून कळायचं. वसुधाने कानाला यंत्र लावलं आणि त्या आवाजात उतरवून ऐकायला सुरुवात केली. बावन्न पंप एकाच ठिकाणी होते. प्रत्येक जण चार मिनिटं प्रचंड वेगाने किंचाळायचा आणि बंद व्हायचा, मग पुढचा. ही इंजिनाची चाचणी होती. ती तिला ओळखता आली, कारण कारखान्यातही पंप असेच तपासत.

उरलेले बारा मात्र तिथून दोनशे किलोमीटरवर होते. ते हळू, एकसारखे गुणगुणत होते. चार तास चालायचे, पाऊण तास थांबायचे, पुन्हा चार तास. दिवसातून तीनदा.

मंगळवारी सकाळी ती मिरजेला गेली. कारखान्याचे मालक अण्णा मगदूम मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी तिथल्या रुग्णालयात असत. चाळीस वर्षांपूर्वी एका लेथवर त्यांनी काम सुरू केलं होतं. आता सत्तरी उलटली होती, मूत्रपिंडं थकली होती, आणि ते ज्या यंत्राला जोडलेले होते त्यात पंप त्यांच्याच कारखान्याचा होता. खाटेशेजारी बसून वसुधाने त्यांना सगळं सांगितलं. मग नोंदीचं यंत्र त्यांच्या कानाला लावलं.

अण्णांनी मिनिटभर ऐकलं आणि उशाजवळच्या मशीनकडे मान वळवली.

"ह्योच आवाज हाय की गं."

"हो अण्णा. बारा यंत्रं. दिवसात तीन पाळ्या, एकाआड एक दिवस दुसरे रुग्ण. म्हणजे बहात्तर माणसं."

"आणि कायदा काय म्हणतोय?"

"माल सतरात गेला की बंद. कशासाठी चाललाय ते विचारायची सोयच नाही कायद्यात."

अण्णांनी पांघरूण सरकवून आपल्या पायांकडे बघितलं. "दोन पाळ्या चुकल्या की पाय सुजत्यात. चौथ्या पाळीला छातीत पाणी. ते मी बघून ठेवलंय. पण त्या बावन्नातला एक जरी उडाला तरी कुणाच्या तरी घरावर पडणार. ते बंद कर, त्यात काय इचारायचंच न्हाई. बारांचं तू साहेबाला जाऊन सांग. फोनवर नको."

बुधवारी सकाळी वसुधा मुंबईत तांबोळींच्या समोर बसली होती. तिथूनच तिने बावन्न पंपांना कुलूप लावलं. एकेक ठिपका पडद्यावर राखाडी होत गेला. मग तिने बारांचा आवाज ऐकवला.

"तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणणार," तांबोळी म्हणाले. "यंत्रं दवाखान्यातून काढून दुसरीकडे लावायला एक पाना पुरतो."

"माहीत आहे. तसं झालं की त्याच क्षणी मी बंद करेन."

"त्या क्षणी म्हणजे पुटपुटल्यावर. तो काही तासांनी पुटपुटतो. तेवढ्यात एखादा उडाला तर?"

"तो धोका आहेच, साहेब," वसुधा म्हणाली. तांबोळींनी खिडकीपर्यंत एक फेरी मारली. परत येऊन त्यांनी पंधरा दिवसांच्या निरीक्षणाची परवानगी लिहिली. "माझ्या सहीवर जातंय हे," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी बारांपैकी चार पंप दवाखान्यातून नाहीसे झाले आणि दोनशे किलोमीटरवर, त्याच चाचणीच्या जागी, किंचाळताना सापडले.

वसुधाने चारही बंद केले. चार यंत्रं, चोवीस माणसं. ती कोण होती हे तिला कधीच कळणार नव्हतं. आणि तिने पहिल्याच दिवशी बारा बंद केले असते, तर हे चार चाचणीच्या टेबलापर्यंत पोचलेच नसते, हेही खरं होतं. यावेळी काही उडालं नव्हतं. पण ते तिच्या हुशारीमुळे नव्हे, हे ती जाणून होती.

तांबोळींचा फोन आलाच. "मॅडम, उरलेले आठ. उद्या संध्याकाळपर्यंत. आता मला वाचवता येणार नाही."

"समजलं, साहेब."

मंगळवारी दुपारी ती कुलूप-आज्ञा तयार करत होती. एका पाळीच्या मध्येच पंप थांबू नयेत म्हणून आधी त्यांच्या वेळा बघाव्यात, या हेतूने तिने ताज्या नोंदी उघडल्या. दोन पाळ्यांमधल्या पाऊण तासाच्या जागी तिला भलतंच काहीतरी ऐकू आलं.

आधी स्क्रू फिरल्याची करकर. मग थोडी शांतता. आणि मग खर्र, खर्र, खर्र. पंप बंद होता, पण त्या घासण्याच्या थरथरीनेच साक्षीकण जागा झाला होता. वसुधाने तो आवाज पुन्हा लावला. मग धावत खाली यंत्रशाळेत जाऊन जुन्या फोरमनला, शिवलिंग कुंभारांना, ऐकवला.

कुंभारांनी डोळे मिटून ऐकलं. "कानस हाय, बाई. बारीक दाताची. पंप उघडलाय आणि आतल्या चाकाच्या पात्याला खाच पाडतोय कोणतरी. एकाच बाजूला." त्यांनी डोळे उघडले. "शिकलेला हात हाय, पण भ्यालेला. मधीच थांबतोय बघा. कुणी येतंय का बघत असंल."

"एका बाजूला खाच पाडली तर काय होतं?"

"चाकाचा तोल जातो. हळू फिरवा, काही होणार न्हाई, जरा डुगडुगंल. इंजिनाच्या वेगानं फिरवलं की चाक सवताच्याच हिसक्यानं फुटणार."

वसुधाने एकामागून एक नोंदी ऐकल्या. आठही पंपांत तोच आवाज होता. शेवटच्या पंपाला तर घाई झालेली कळत होती, खर्र-खर्र एकमेकांत मिसळले होते. आणि त्यानंतर पुढच्या पाळीचं गुणगुणणं सुरू झालं होतं, पूर्वीसारखंच, फक्त त्यात आता एक बारीकसं लंगडणं होतं.

तिथल्या कुणीतरी, कदाचित यंत्रं सांभाळणाऱ्या एखाद्या माणसाने किंवा बाईने, चार यंत्रं जाताना बघितली होती. उरलेली वाचवायला एकच मार्ग दिसला होता. ड्रोनवाल्यांच्या दृष्टीने ती भंगार करून टाकायची. त्या व्यक्तीला वसुधा माहीत नव्हती. पण दोघींनी, किंवा दोघांनी, एकाच आठवड्यात एकाच गोष्टीसाठी धडपड केली होती.

आता आठ पंपांना कुलूप लावायची गरज उरली नव्हती. ते फक्त सिद्ध करायला हवं होतं. वसुधाने अहवाल लिहायला घेतला आणि 'कारण' या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

हा अहवाल नियमाप्रमाणे अकरा देशांच्या समितीकडे जाणार होता. तिथून तो किती हातांत जाईल याचा भरवसा नव्हता. 'रुग्णालयातील कर्मचाऱ्याने हेतुपूर्वक पंप निकामी केले,' असं एक वाक्य लिहिलं की आठ पंप वाचत होते. आणि तेच वाक्य सतरात पोचलं, तर कानस हातात धरलेला तो माणूस वाचत नव्हता.

तिने अण्णांना फोन केला. ते खाटेवरच होते, मागे यंत्राची गुणगुण चालू होती.

"खोटं लिहू नकोस," अण्णा म्हणाले. "पण सगळं खरं लिहायलाच पायजे असं कुठं हाय? पात्याचा धातू गेला. धातू गेला की त्याला आपल्यात काय म्हणत्यात?"

"झीज."

"मग तेच लिही."

तिने लिहिलं: आठ पंपांच्या चक्रांत असमतोल झीज आढळली. उच्च गतीस कायमचे अयोग्य. इंजिनात वापरणे अशक्य. कुलूप अनावश्यक. सोबत तिने फक्त पंप चालू असतानाच्या नोंदी जोडल्या. मधल्या पाऊण तासाच्या नोंदी तिने स्वतःजवळ ठेवल्या नाहीत. पुसून टाकल्या. अशी नोंद पुसणं हा गुन्हा होता आणि तो करताना तिला तो पुरता ठाऊक होता. तांबोळींना मात्र तिने फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी परवानगीखाली सही केली होती, त्यांना अंधारात ठेवणं तिला जमलं नसतं.



"आठही पंप एकाच दिवशी झिजले," तांबोळी म्हणाले.

"हो, साहेब."

"मी हा अहवाल पुढे पाठवतोय. थरथरीचे आकडे बरोबर आहेत, समिती मान्य करेल." कागद सरकवल्याचा आवाज आला. "आवाज पुसलात ते बरं केलंत की वाईट, ते मला ठरवता येत नाही."

"मलाही नाही."

"एक विचारू, मॅडम? त्या पुटपुटी उघड्या आकाशातून येतात, वाटेत कुणालाही झेलता येतील. आपण कुपवाडमध्ये बसून कानस ओळखली. तुमच्या फोरमनने तर हात भ्यालेला आहे हेसुद्धा ओळखलं. सतरामध्येही कुणी तरी असाच कान लावून बसलं असेल, तर?"