रावेर ते मस्कत, व्हाया धुळे

आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ भांडण.

ठरलेला ट्रेलर जळगावच्या पुढे बंद पडला, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याने ऐनवेळी दुसरा धाडला. तो आमच्या पॅकहाऊसच्या वळणावरची तीन केळीची झाडं आडवी करूनच थांबला. मी ओल्या पायांनी तशीच धावले.

"डोळे आहेत ना जागेवर?"

केबिनमधून पांढऱ्या शर्टातला एक उंच मुलगा उतरला. झाडांकडे बघितलं, मग माझ्याकडे... आणि बघतच राहिला.

"होते," तो म्हणाला. "आत्तापर्यंत होते."

"ड्रायव्हर आहात की शायर?"

"मालक. ड्रायव्हर आजारी पडला म्हणून मीच आलो. ललित. धुळ्याचा."

मला हसू येत होतं, पण मी ते गिळलं. त्या दिवशी हसायला मला फुरसत कुठे होती!

आमच्या घरात केळी आजोबांच्याही आधीपासून. आमचा माल आखातात जायचा, पण व्यापाऱ्याच्या खोक्यातून, व्यापाऱ्याच्या नावाने. तिकडे आम्हाला कोण ओळखणार? मी कृषीची पदवी घेतली, निर्यातीचा परवाना काढला, मस्कतचा एक खरेदीदार गाठला आणि खोक्यांवर ठसठशीत अक्षरांत छापून घेतलं - 'ऋतिका, रावेर'. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती.

"एक कंटेनर, पोरी. माल तिथं हिरवा उतरला तं तू मालकीण. पिवळा उतरला तं हा खेळ बंद, माल पुन्हा व्यापाऱ्याले."

केळी हिरवीच जायला लागतात. पिकवतात ती तिकडे गेल्यावर. वाटेतच पिकली तर बंदरावर उतरतो तो नुसता लगदा.

दिवसभर घड धुतले, फण्या कापल्या, खोकी भरली. ललित कंटेनरच्या दाराशी उभा राहून सारखा थंडावा तपासत होता आणि मधून मधून मलाही.

"काय बघताय?"

"तापमान."

"ते तिकडे, डब्यावर दिसतं."

"तिकडचं ठीक आहे हो..."

पॅकिंगवरच्या बायकांची मुकादम दिपमालाअक्का खुदकन हसली. माझे कान लाल झाले.

शेवटचं खोकं चढलं आणि तो चहाला गेला. तेवढ्यात आबांनी पूजा मांडली. पहिला कंटेनर, पूजेशिवाय कसा सोडायचा? हार, नारळ, कुंकू. मग आमच्याकडची रीत - एका केळात अख्खा अगरबत्तीचा पुडा खोचला आणि आत, खोक्यांच्या थप्पीवर ठेवला. सातपुड्याकडून वारा सुटलेला. अगरबत्ती विझू नये म्हणून आबांनी दारं ओढून घेतली आणि डोळे मिटून हात जोडले. आम्हीही जोडले.

"कोणी लावलं हे दार?"

ललित चहा टाकून पळत आला. दार उघडलं तर आतून धुराचा लोट! त्याने आत उडी मारली, अगरबत्तीसकट केळ उचललं आणि थेट धुण्याच्या हौदात बुडवलं.

हौदात चर्र झालं.

"माही पूजा पाण्यात?" आबा हौदाकडे धावले. "कोन रे तू? काढ तुही गाडी इथून!"

"आबा, तुमना पाय पडस!" घाईत त्याच्या तोंडून धुळ्याची अहिराणी निघाली. "पन बठ्ठी केळी पिकी जाई!"

मीही भडकले होते. एक परका माणूस माझ्या बापाची पूजा हौदात टाकतो म्हणजे काय! तोंड उघडलं... आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या गावात धूर देऊन केळी पिकवण्यात पिढ्या गेल्या, त्या गावाला अगरबत्तीचा धूर हाही धूरच असतो, हे एकालाही आठवलं नव्हतं. मलासुद्धा!

"आबा," मी त्यांचा हात धरला. "वखारीत कच्ची केळी ठेवून तुम्ही काय द्यायचे?"

"धूर," आबा म्हणाले. मग त्यांनी कंटेनरकडे बघितलं आणि मटकन खाली बसले.

"ऋतिका, रडायचं नंतर," ललितने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "पंखे, हवेच्या खिडक्या मी बघतो. दाराजवळच्या थप्प्या तू उतरव. त्यांच्या जागी भरलेली दुसरी खोकी आहेत?"

"शीतगृहात आहेत."

"मग चल! जहाज काही आपल्यासाठी थांबणार नाही."

बायका, हमाल, आबा, सगळे खोकी वाहू लागले. तोही. काम उरकलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचे डागच डाग.

"हे डाग जन्मात जायचे नाहीत," मी म्हटलं.

"बरंच झालं. रावेरची आठवण राहील."

"फक्त रावेरची?"

तो केबिनमध्ये चढला, चावी फिरवली आणि उत्तर न देताच गेला. असा राग आला मला! पण संध्याकाळी फोन वाजला.

'पारोळा. साडेतेरा अंश. केळी मजेत.'

'आणि ड्रायव्हर?' मी लिहिलं.

'ड्रायव्हरचं तापमान वाढलंय. उपाय रावेरलाच मिळतो म्हणे...'

मी फोन छातीशी धरून वेड्यासारखी हसले.

कंटेनर जहाजावर चढला. ललितचं काम संपलं होतं, तरी रोज त्याचा फोन यायचा. "जहाज कुठवर?" असं विचारायचा आणि मग तासभर जहाजाचं नावही निघायचं नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते, पार बुडाले होते. पण केळी पिवळी उतरली तर मी कोण? कुठल्या तोंडाने त्याला काही सांगणार होते?

मस्कतहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा सगळे माझ्याभोवती गोळा झाले. खरेदीदाराच्या माणसाने दाराजवळचं एक खोकं फोडलं. मग मधलं. मग अगदी आतलं.

हिरवीगार! पोपटाच्या पंखासारखी!

"फर्स्ट क्लास, मॅडम! अब हर हफ्ते एक कंटेनर भेजिए!"

बायकांनी एकच गिल्ला केला. आबांनी मला मिठी मारली आणि डोळे पुसत म्हणाले, "मालकीणबाई, आता गाडी ठरव. त्या धुळ्याच्या पोऱ्यालेच बोलाव. दुसरा नको."

दोन दिवसांत ट्रेलर फाटकाशी हजर. या वेळी एकही झाड न पाडता.

"दर आठवड्याला एक कंटेनर," ललित माझ्यासमोर उभा राहून म्हणाला. "म्हणजे आठवड्यातून एकदा भेट. ऋतिका... माझं एवढ्यात भागत नाही. लग्न कर माझ्याशी. ये धुळ्याला."

"लग्न करीन," मी म्हटलं. "तू आवडतोस मला, फार आवडतोस. पण धुळ्याला येणार नाही. खोक्यावर माझ्या नावापुढे रावेर लिहिलंय, आता ते मस्कतलाही ठाऊक झालंय. तूच ये इकडे."

त्याने ट्रेलरकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, मग अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"येतो. पण एवढी मोठी गाडी लावायची कुठे?"

मी वळले आणि सगळ्या पॅकहाऊसला ऐकू जाईल अशी ओरडले, "आबा! फाटकाच्या आत ट्रेलरला जागा करा!"

"किती दिवसांसाठी वं?"

"कायमची!"