आत गेलेली फूक

नवलच्या जीपचा ब्रेक म्हणजे रोजची कुस्ती होती. धडगावचा घाट उतरताना पेडलवर उभंच राहावं लागायचं. मागे सवाऱ्या, त्यांच्या मांडीवर कोंबड्या, टपावर मोहाच्या फुलांची पोती, आणि पुढे नवल दात-ओठ खात पेडलवर. म्हसावदला घरी पोचला की पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. बायको शोभा त्या चेपून द्यायची आणि वर टोमणा मारायची, "गाडी तुम्ही चालाडतस का गाडी तुमले?"

साल चौसष्ट. नवल एकोणीस वर्षांचा. सातवीत मास्तरांच्या हातची छडी मोडून शाळेतून निघाला तो परत गेला नाही. डोकं तापट, पण नजर घारीची. लष्कराच्या लिलावातली ही जीप त्याने नट नट खोलून उभी केली होती. देवऋषी, उतारा, नजर असलं काही त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. म्हणायचा, गाडीत तेल असतं, हवा असते, आणि चालवणाऱ्याचा मूर्खपणा असतो. चौथं काही नसतं.

होळी उलटल्यावर तो धुळ्याला जाऊन भंगारातून सामान घेऊन आला. ब्रेकला जोर देणारा एक डबा, एक जादा तेलाचा फिल्टर आणि दोन्हींना नळ्या वाटून देणारा पितळी ठोकळा. इंजिन हवा आत ओढतं. त्या ओढीला गाडीवाले व्हॅकम म्हणतात. ती ओढ डब्याला मिळाली की पायाचं काम डबा करतो. ठोकळ्याच्या एका अंगाला तेलाची दोन तोंडं, दुसऱ्या अंगाला हवेची तीन, मधे जाड भिंत. ठोकळा कोणत्या गाडीचा, हे भंगारवाल्यालाही सांगता आलं नाही.

गोठ्याच्या सावलीत पोतं अंथरून नवल कामाला बसला. ठोकळा रॉकेलने धुतला, आत तार घातली. तार अडली. पुन्हा घातली, पुन्हा अडली. त्याचा पारा चढला. स्वतः फुंकून पाहिलं तर नुसते गाल फुगले.

"शोभा! आठे ये बरं."

ती चुलीपुढून उठून आली. कपाळाला राख, हातात फुंकणी तशीच.

"तुन्ही फूक लांब शे. ओली तुऱ्हाटी एका फुकमा पेटाडस तू. मार बरं याम्हा एक."

"आते लोखंडनी चूल पेटाडू का?"

"पितळनी शे. मार."

शोभाने ठोकळ्याच्या हवेच्या एका तोंडाला ओठ लावले. नवलने बाकीच्या दोन तोंडांवर बोटं धरली, हवा निघते का बघायला. तिने फूक मारली. लांब, एका दमाची, चुलीला मारते तशी.

बोटांना काहीच लागलं नाही.

"जोरमा मार ना!"

"मारी ऱ्हायनू ना." तिने पुन्हा फुंकलं. फूक संपली, तरी तिचे ओठ ठोकळ्यावरच होते. गाल आत गेले. डोळे मोठे झाले. मग एकदम तोंड सोडवून ती मागे बसली, आणि हसली.

"हाई ते पी ऱ्हायनं वं माय!"

नवलने तार घातली. ती सुळकन आरपार गेली. झालं, कचरा निघाला. कचरा कुठे पडला हे मात्र त्याला दिसलं नाही. पोत्यावर काहीच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. हवेच्या एका तोंडाला इंजिनची नळी, दुसऱ्याला ब्रेकचा डबा, तिसऱ्याला वायपर. तेलाच्या तोंडांना फिल्टर. इंजिन चालू करून त्याने पेडलवर पाय ठेवला. नुसता ठेवला. पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी घाट त्याने मांडी घालून उतरल्यासारखा उतरला. प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला की बॉनेटखालून बारीक आवाज यायचा. हूंऽऽ. धडगावच्या लाकूड डेपोचा रखवालदार उदेसिंग शेजारी बसला होता. त्याने कान टवकारले.

"नवल, तुन्ही गाडी उसासा टाकी ऱ्हायनी रे. बाईमानूसना मायक."

"तुले बाईमानूसच ऐकू येस सगळीकडे," नवल म्हणाला. सवाऱ्या हसल्या. उदेसिंग हसला नाही. परतीला तो दुसऱ्याच्या बैलगाडीने गेला.

नवल घरी आला तर चूल पेटलेली नव्हती. शोभा फुंकणी धरून बसली होती आणि तापीबाई, नवलची आई, गवऱ्या सारख्या करत होती.

"काय व्हयनं?"

"दुपारपाईन दम लागी ऱ्हायना हिले," तापीबाई म्हणाली. "फूकच निंघत नई पोरनी."

शहाद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकली, काही दोष नाही म्हणाले. अशक्तपणा आहे, दूध द्या. नवलने दूध लावलं. शोभा दूध प्यायची आणि ग्लास खाली ठेवताना धापा टाकायची.

त्याच सुमाराला त्याने इंजिनचं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. गाडी तेल खाते, तेल कमी होतं. इथे वाढलं होतं. पुसून पुन्हा बुडवली. खुणेच्या वरच. आणि काळं नव्हतं, मधासारखं पिवळं होतं. सकाळची वेळ, इंजिन रात्रभर थंड, तरी तेल कोमट. त्याने बोट नाकाशी नेलं. तुऱ्हाटीच्या धुराचा वास आला.

नवलने पट्टी खणकन आत घातली आणि उगाचच चाकाला लाथ मारली.

त्या दिवशी धडगावहून परतला तर तापीबाई दारातच उभी.

"पोरगी आज चारदाव पडी गई. उभी व्हती तशी पडी गई. जरासा थांबे, मंग आखो पडे."

"कव्हय?"

"उन्हं कलता. तू घाटमा व्हशी तव्हय."

नवल अजून जीपमध्येच बसलेला होता. इंजिन चालूच होतं. गाडी उभी होती, ब्रेकचं काही कामच नव्हतं. त्याने पाय उचलला आणि पेडल दाबलं.

हूंऽऽ.

घरातून शोभाचा आवाज आला. कोणी छातीवर गुडघा ठेवल्यासारखा.

त्याने पाय काढला. हाताचा घाम पँटीला पुसला. असं नसतं, म्हणाला. स्वतःलाच म्हणाला. आणि खोटं ठरवायचं म्हणून पुन्हा दाबलं.

आत तांब्या पडला. घरंगळत उंबऱ्यापर्यंत आला.

"नवल!" तापीबाई किंचाळली.

त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली विहिरीत फेकून दिली.

पुढे जीप जागची हलली नाही. सवाऱ्या येऊन परत गेल्या. पण शोभाला आराम पडला नाही. रोजचा दम आदल्या दिवशीपेक्षा तोकडा. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. गाडी बंद, पेडलला पाय नाही, मग जातंय कुठे?

ठोकळाच काढायचा, त्याने ठरवलं. शोभाला समोर खाटेवर बसवलं, डब्याच्या नळीच्या नटाला पाना लावला आणि हळूच अर्धा आटा ढिला केला.

सूंऽ आवाज झाला. शोभाचे ओठ जांभळे पडले. ती एका कुशीवर कलली.

त्याने झटक्यात नट आवळला. तिच्या छातीत सर्रकन हवा शिरली. तापीबाईने तिला मांडीवर घेतलं.

"नका खोलू," शोभा म्हणाली. एवढंच म्हणाली. तेवढ्यानेच दमली.

नवल रडला असता, पण त्याला रडायची सवय नव्हती. काढता येत नाही, तर निदान गळती थांबवायची. त्याने वाटीत साबण फेसला आणि प्रत्येक सांध्याला बोटाने फेस लावला. इंजिन चालू असताना व्हॅकमची नळी गळत असेल तर फेस आत ओढला जातो, बंद असेल तर जागचा हलत नाही. बाहेर फुगा येत नाही. कधीच नाही.

डब्याच्या नटावर फुगा आला.

लिंबाएवढा झाला. मग बसला. मग पुन्हा आला. नवलने वर पाहिलं. शोभाची छाती वर गेली, फुगा बसला. छाती खाली आली, फुगा फुगला.

त्याने पाना लावला. श्वास रोखून, अगदी केसाएवढा, आवळला. फुगा मरून गेला.

शोभाने डोळे उघडले. एक लांब, पुरा श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी. तापीबाईने तिच्या कपाळावरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली.

"बरं वाटस?" नवलने विचारलं.

"हां." तिच्या गालावर रंग येत होता. "हलकं वाटस."

नवलने कपाळ पुसलं. वाटी उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

ठोकळ्याच्या दुसऱ्या अंगाला, तेलाच्या बाजूला, जिथे हवेचं काही कामच नाही, तिथे आणखी एक फुगा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. फुगत होता, बसत होता. भराभर. शोभाच्या श्वासाशी त्याचा मेळ नव्हता. त्याने तापीबाईकडे पाहिलं. तिच्याशीही नव्हता.

"हाऊ कोणा?" तो पुटपुटला.

शोभा खाटेवरून उठून त्याच्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने फुग्याकडे पाहिलं. तिचा हात आपसूक पोटावर गेला.

"तुमले कसं समजनं?" ती हळूच म्हणाली. "मी अजून कोणलेच सांगेल नई."

नवलने पाना त्या नटाला लावला. पाना घसरला. पुन्हा लावला. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते, धरायला जागाच नव्हती. पाना पितळेवरून सरकला आणि फुगा फुटला.

तिघंही बघत राहिले. गोठ्यात बैल रवंथ करायचा थांबला होता.

बऱ्याच वेळाने फेसातून दुसरा फुगा वर आला. आधीच्यापेक्षा लहान.

नवलने पाना खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून पोत्यावर ठेवला. पश्चिमेकडून वारा सुटला होता, अंगणातला पाचोळा गोल फिरायला लागला होता. त्याने दोन्ही तळवे जोडून फुग्याभोवती आडोसा धरला.

तळव्यांना बारीकशी ऊब लागत होती. लागायची, थांबायची. लागायची, थांबायची.

दर वेळी मधलं थांबणं लांबत चाललं होतं.