डायरेक्ट केलेली गाडी

गॅरेजचं शटर अर्धं ओढून आम्ही तिघं हात धूत होतो. शेजारच्या गाळ्यातले वायरमन काका स्टुलावर बसले होते. गाड्यांच्या वायरिंगमध्येच त्यांची हयात गेली. दिवसभर हटून बसलेल्या एका जुन्या गाडीकडे बघत आमच्यातला टिंगू म्हणाला, "पेट्रोलचा फिल्टर काढून डायरेक्ट करून देऊ. जाईल घरापर्यंत."

"नको," काका म्हणाले.

"का हो? तुमची वायर तर नाही ना तोडत."

"दात काढू नकोस. बस इथं. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता, त्याच्यावर काय गुदरलं ते सांगतो. त्याच्या ताटात जेवलोय मी, पदरचं काही घालणार नाही."

मग काकांनी सांगितलं ते असं.

मिस्त्रीचा कार्ब्युरेटरवर हात बसलेला. लोक लांबून गाड्या आणायचे. एका शनिवारी संध्याकाळी एक मास्तर आले. त्यांची गाडी चढाला झटके खायची. टाकी आतून गंजलेली, त्या गंजानं फिल्टर तुंबलेला. नवा फिल्टर हाताशी नव्हता आणि मिस्त्रीला मेहुण्याकडे जायची घाई. त्यानं फिल्टर काढला आणि मधे साधा नळीचा तुकडा जोडला. डायरेक्ट. गाडी वाऱ्यासारखी पळाली. मास्तर म्हणाले, "तुमच्या हाताला यश आहे हो."

असं केलं की गिऱ्हाईकाला बजावायचं असतं. लांब जाऊ नका, दोन दिवसांत परत या. नाहीतर गंज थेट कार्ब्युरेटरात जाऊन इंजिनाचं पेट्रोल अडतं. मिस्त्री घाईत बजावायला विसरला.

सोमवारी पहाटे मास्तर बाहेरगावी निघाले. चढावरच्या वळणाला पेट्रोल अडलं आणि गाडी बंद पडली. मास्तर उतरून बॉनेट उघडत होते. मागून ट्रक आला...

"आणि मिस्त्री?" मी विचारलं.

मिस्त्री सगळ्यांना म्हणाला, मी बजावलं होतं, त्यांनीच ऐकलं नाही. मलाही तेच म्हणाला. मास्तरांच्या बायकोलाही, तिच्या दारात उभं राहून, तेच. त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. डबा उघडायचा आणि तसाच झाकायचा.

सात महिने गेले. अकरा जानेवारी, मंगळवार, रात्रीचे पावणेनऊ. एका डॉक्टरांची जुनी गाडी दुरुस्त झाली होती, ती पोचवायला मिस्त्री एकटाच निघाला. रस्ता तोच. त्याच वळणाला गाडीनं दोन झटके खाल्ले आणि थांबली.

मिस्त्रीनं ती कडेला घेतली. काटा बघितला, टाकी अर्धी भरलेली. बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरात टॉर्च मारून थ्रॉटल दाबला, आत धार नाही. पंपातून पुढे जाणारी नळी काढून स्टार्टर मारला, थेंब नाही. फिल्टर काढून बघितला, कोरा करकरीत. म्हणजे टाकीकडून येणारा पाईपच तुंबलेला.

त्याला एकच उपाय. टाकीचं झाकण उघडायचं आणि पुढून पाईपात तोंडानं फुंकायचं. काम दोघांचं. एकानं फुंकायचं, दुसऱ्यानं टाकीच्या तोंडाशी कान लावायचा. बुडबुड ऐकू आली की पाईप मोकळा. मिस्त्रीनं झाकण काढलं, पुढे येऊन पाईप तोंडात धरला आणि जोरात फुंकला.

गाडीच्या मागून आवाज आला, "नाही आली."

बॉनेट उभं होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. कोणी वाटसरू थांबला असेल, मिस्त्रीला वाटलं. हायसं वाटलं त्याला.

"परत मारतो. ऐका नीट."

"मारा."

फुंकलं. "आता?"

"नाही."

मिस्त्रीनं पाईपाचं तोंड पुसलं. मागून पुन्हा आवाज आला.

"फिल्टर आहे ना हिला?"

"आहे की. नवा घातलाय."

"बरं केलंत."

वारा नाही. किडे नाहीत.

"मिस्त्री..."

"काय?"

"मला बजावलं होतं तुम्ही?"

टॉर्च हातातून पडला. विझला. आवाज ओळखीचा होता. पाईप अजून ओठांशीच होता.

आणि पलीकडून कुणीतरी फुंकलं.

हळूच. ऊन ऊन. माणसाचा श्वास असतो तसं.

"मागे जाऊन बघितलं त्यानं?" टिंगूनं विचारलं.

"तू बघितलं असतंस?"

मिस्त्री खाली बसला. म्हणाला, "नाही... नाही बजावलं. विसरलो. आणि मग खोटं बोललो."

मग टाकीतून आवाज आला. बुडबुड. कुणी फुंकत नव्हतं. पाईपातून पेट्रोल त्याच्या हातावर पडायला लागलं.

त्यानं अंधारात चाचपत नळ्या जोडल्या. झाकण लावायलाही मागे गेला नाही. गाडी पहिल्या स्टार्टरला लागली. डॉक्टरांकडे न जाता तो मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. बाईंनी दार उघडलं. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगून टाकलं.

बाई दाराला धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सात महिने मी त्यांच्याशी भांडतेय. एवढं बजावलं असताना ऐकलं का नाहीत म्हणून. मेलेल्या माणसाशी भांडतेय, मिस्त्री."

"वहिनी, माझं चुकलं..."

"माफी मागू नका. मला देता यायची नाही."

त्या टॉर्च घेऊन फाटक लावायला बाहेर आल्या. उजेड गाडीच्या मागच्या बाजूवर पडला, आणि तिथंच थांबला. पत्र्यावर धुळीचा थर होता. टाकीच्या उघड्या तोंडाशी, त्या धुळीत, एक कान उमटला होता. पाळीसकट.