चौथा सोडून सगळे लावले

मे महिन्याच्या भर दुपारी अकोल्याच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात. एक नाइलाज असलेली आणि दुसरी डोकं फिरलेली. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला तो तरुण जठारपेठेतल्या दुकानाची पायरी चढून आत आला, तेव्हा तो यातला कोणता, हे रागिणीला ठरवता येईना. कूलरसमोर उभा राहून त्याने दुपट्टा सोडला. घामाने कपाळाला चिकटलेले केस, उन्हाने लालबुंद झालेले कान... आणि डोळे मात्र असे निवांत, की मोबाइलचं कव्हर पुसणारी रागिणी तेच कव्हर पुसत राहिली.

"जुन्या सिनेमाचे बॉक्स सेट आहेत काय तुमच्याजवळ?"

"डब्बे?"

"डब्बे नाही हो... बॉक्स सेट."

"मंग डब्बेच नं!"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली, आणि रागिणीने ती पाहिली नाही असं दाखवण्यासाठी मागच्या फळीकडे तोंड फिरवलं. तिचे बाबा सूर्यभान यांचं हे दुकान एके काळी सीडी-डीव्हीडीचं. आता चार्जर, कव्हर आणि काचा यांच्यावर घर चालत होतं, पण मागच्या फळीवर जुना माल अजून धूळ खात होता. त्याला हवा होता जुन्या कृष्णधवल संगीतपटांचा चौथा खंड. सहा खंडांचा संच, काढणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि याच्याकडे पाचच जमलेले.

"नाही जी. पण ध्यान ठेवते. नाव सांगा, भेटला तं फोन करते."

"देवमन."

"बाप्पा! हे तं माह्या आजोबाच्या दोस्ताचं नाव वाटते."

"माह्या आजोबाचंच आहे. ते ठेवून गेले, मी वापरून राहिलो."

आता मात्र ती मोकळेपणी हसली. देवमन अमरावतीला एका शिकवणीत गणित शिकवत होता. अमरावतीहून अकोला म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे, हे खरं. तरी चौथा खंड आला का, एवढं विचारायला फोन पुरला असता. हा पठ्ठ्या दर रविवारी स्वतः यायला लागला.

"एक सांगा," रागिणीने एकदा त्याला छेडलं. "आता सगळं मोबाइलवर भेटते. असे डब्बे घेणं परवडते काय?"

"मोबाइलवर आज आहे, उद्या नाही. काढून टाकलं तं कोणाले विचारशील? अन् गाणी कापतात ते. दोन कडव्यांमधली सतार उडवून देतात. सेटमधी पुरं गाणं असते, साफ प्रिंट असते, संग पुस्तिका असते."

"अन् प्लेअर बिघडला तं?"

"दोन घेऊन ठेवले."

"हुशार आहात! पण सगळे लावले काय, का नुसते घेऊनच ठेवता?"

"लावले नं!" देवमन छाती फुगवून म्हणाला. "चौथा सोडून सगळे लावले. एकापाठोपाठ एक."

रागिणीच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. ओढलेले पडदे, पंख्याचा आवाज, आणि एकापाठोपाठ एक सिनेमे पाहणारा हा वेडा. सूर्यभानजींच्या दुकानात 'लावणं' या शब्दाला एकच अर्थ होता, चकती प्लेअरमध्ये घालणं आणि चालू करणं. लावून दाखवल्याशिवाय चकती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा तिथला नेम होता. त्यामुळे हा माणूस तिला आपल्यातलाच वाटला. त्या चित्रात तिने हळूच दुसरी खुर्चीही ठेवून दिली.

मग काय... चहाचा कप देताना बोटाला बोट लागायचं. दोघंही 'काही झालंच नाही' असा चेहरा करायची, आणि तो करण्यातच सगळं काही झालेलं असायचं. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी परतीची सर आली. दोघं दुकानाच्या पत्र्याखाली उभी. तो म्हणाला, "गाडी चुकन आता." ती म्हणाली, "चुकू द्या." एवढंच. पण त्या दिवशी रागिणी त्याच्या प्रेमात पडली ती पडलीच.

आणि नेमकं तेव्हाच वरूडचं स्थळ आलं. संत्र्याच्या बागा, स्वतःचे ट्रक, आणि मुलगाही नाव ठेवण्यासारखा नव्हता. रागिणीने देवमनला सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. एकच शब्द तिला हवा होता.

देवमनने हातातला चहा संपवला. मग म्हणाला, "चौथा भेटू दे. सेट पुरा झाला का लगेच आईले घेऊन येतो तुह्या घरी. आईची शपथ."

"अन् नाही भेटला तं?"

"भेटन नं. कावून असं म्हणतं?"

शहाणी मुलगी असती तर तिथेच भडकली असती, की लेका, माझं लग्न काय डब्यावर अडलंय? पण प्रेमात पडलेल्या पोरीला अक्कल शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. रागिणीला त्यात उलट गंमतच वाटली. असा हळवा छंद असलेला माणूस किती हळवं प्रेम करील, असा हिशेब तिने मांडला. आणि वरूडला नकार कळवला.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागून राहिली तू, बाई," सूर्यभानजी म्हणाले, आणि लेकीशी पुरतं बोलेनासे झाले.

आता चौथा खंड देवमनपेक्षा रागिणीलाच जास्त हवा होता. तिने ओळखीतल्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला फोन केले. कोणीतरी सांगितलं, अचलपूरला माणिकबाई म्हणून आहेत, त्यांच्या यजमानांना असला नाद होता. एसटीने धक्के खात ती अचलपूरला पोचली. माणिकबाईंनी लोखंडी कपाट उघडलं, आणि साड्यांच्या घड्यांखालून चौथा खंड बाहेर आला. कारखान्यातून आला तसा, प्लास्टिकच्या वेष्टनासकट.

"माह्या मालकाले उघडालेबी सवड नाही भेटली," माणिकबाई म्हणाल्या. "ने बाई. पैसे नको. कोणी पाहीन तं मलेच बरं वाटन."

परतताना रागिणीने तो डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. दुकानात आल्यावर तिने नखाने वेष्टन फाडलं. इतकी वर्षं कपाटात पडलेला माल, बुरशी लागली असली तर? आणि न लावता द्यायचा म्हणजे दुकानाचा नेम मोडायचा. पहिलीच चकती अडकली. तिने मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसून ती चालू केली. सिनेमा सुरू झाला तसे सूर्यभानजी शेजारी येऊन बसले. एका गाण्यात नायिका घाटाच्या पायऱ्या चढते आणि शेवटच्या पायरीवर मागे वळून पाहते... खाली कोणीच नसतं. रागिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबाही हळूच गुणगुणायला लागले होते. हे सगळं देवमनला कधी एकदा सांगते, असं तिला झालं.

पुढच्याच रविवारी ती अमरावतीला गेली. बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात देवमनने दह्यातला गिलावडा मागवला होता. तिने पिशवीतून डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याचा चेहरा आधी उजळला... मग त्याने डबा उलटा केला, सुलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला.

"याचं प्लास्टिक?"

"फाडलं नं. लावून पाह्यला म्या. पहिली चकती अडकून राहिली होती, पुसून दिली. अन् त्या घाटाच्या गाण्यात..."

"फोडला कावून, रागिणी?"

आवाज चढला नव्हता. पण घरात कोणी गेल्यावर विचारावं तसं तो विचारत होता.

"लावल्याबिगर कसं देऊ? तुमी तं म्हणे सगळे लावले!"

"कपाटात लावले!" त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत काचेचं कपाट, आणि त्यात ओळीने उभे केलेले पाच खंड. पाचही सीलबंद. "सील गेलं का संपलं सगळं. कोणताबी संग्राहक हात लावत नाही मंग."

"मंग... सिनेमे पाहता कुठी तुमी?"

"मोबाइलवर," तो खाली मान घालून म्हणाला.

रागिणीला खळखळून हसू आलं. तिला वाटलं, आता तोही हसेल. तो हसला नाही. कुठे मिळाला, कोणी दिला, त्यासाठी तू कुठवर गेलीस, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही.

"पण चौथा भेटला तं खरा," ती चाचरत म्हणाली. "आईले..."

"हा नाही नं धरता येत, रागिणी. पाच सीलबंद अन् एक असा... पाहू."

एका शब्दाने केवढा घात केला पाहा. त्याने डबे कपाटात लावले होते, आणि ही बया त्याला जीव लावून बसली होती. गिलावड्याला दोघांनीही हात लावला नाही. डबा तेवढा त्याने पिशवीत घातला.

मग देवमनचे फोन बंद, येणंही बंद. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, त्यापाठोपाठ वरूडच्या मुलाचंही लागलं. रागिणी चार्जर विकत राहिली आणि अमरावतीचा उच्चार कोणी केला की तिथून उठून जात राहिली. रोज स्वतःला शिव्या घालायची, आणि रोज फोन पाहायची.

थंडीत एका सकाळी तो आला. चेहरा कसा फुललेला, खळीसकट!

"भेटला रागिणी! नागपूरले एकाजवळ होता. सीलबंद! सेट पुरा झाला." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "अन् म्या आईले सांगतलं. येत्या रविवारी येतो आमी."

ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते वाक्य आलं. रागिणीने काउंटरवरचे चार्जर बाजूला सारले. नाही म्हणायचं तिच्या मनातही नव्हतं, हे सांगून टाकलेलं बरं. तेवढ्यात देवमनने पिशवीतून तिने दिलेला डबा काढून तिच्यापुढे सरकवला.

"हा तुहा तुले. आता दोन-दोन कायले ठेवू?"

हे तो अगदी मायेने म्हणाला. तिने डबा उघडला. चकत्या तिने ठेवल्या तशाच होत्या. पहिलीभोवती तिने गुंडाळलेलं मऊ फडकंसुद्धा हललं नव्हतं.

"पाह्यला?"

"काय?"

"हा. फोडलेलाच होता नं? आता तं मोल जायची भीती नव्हती. मंग तरी लावून पाह्यला एखादा?"

देवमन गोंधळला. "नाही... राहूनच गेलं."

"आईले आणू नको रविवारी." ती पहिल्यांदाच त्याला एकेरीत बोलत होती.

"कावून? एका प्लास्टिकच्या कागदापायी तू मले नाही म्हणून राहिली?"

"तूबी तं त्याच्याचपायी इतके दिवस बोलला नाही माह्याशी."

"चुकलं माह्यं. पण आता सेट..."

"मी सीलबंद नाही राहणार, देवमन. उद्या बाळंतपणात अंग सुटन, केस जातीन, म्हातारी होईन. माणूस वापरानंच जुनं होते. तवा तुले नागपूरहून दुसरी कोण आणून देईन?"

त्याचे डोळे भरून आले. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्याला ते जपून ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पायरी उतरताना तो थांबला. ती 'थांब' म्हणेल, असं दोघांनाही एक क्षण वाटलं. ती म्हणाली नाही.

रविवारी सकाळी रागिणीने न्हाऊन मोरपंखी साडी नेसली. दिवाणावरची चादर बदलली, पोहे निवडून ठेवले, कप धुतलेले असून पुन्हा धुतले. अमरावतीहून येणाऱ्या एकेका गाडीची वेळ टळत गेली. देवमनने तिचं म्हणणं पुरेपूर ऐकलं होतं.

दुपारी सूर्यभानजी जेवायला आले. त्यांनी चादर पाहिली, साडी पाहिली.

"कोणी येणार होतं काय, बाई?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "म्याच नका येऊ म्हटलं होतं."