हरणीचा घास

आमच्या दुकानात सोमवारी डुकरं कापतात, बुधवारी सॉसेज भरतात आणि थंडी पडली की रोज हरणं. गावच्या पार्कातली. पार्क म्हणजे टेकडीवरचं तीनशे एकर रान, चारी बाजूंनी घरं. हरणं इतकी झाली की छातीच्या उंचीपर्यंत एक पान शिल्लक नाही. मग ती उतरतात लोकांच्या बागांत आणि गाड्यांखाली. समोरच्या मार्जोरीने 'मुक्या जिवांना मारू नका' अशी पाटी अंगणात लावली होती. हरणांनी तिची ट्यूलिप खाल्ली त्या दिवशी पाटी गेली आणि मला फोन आला, "वेरोना, तुझा सिरिल कधी बसतोय मचाणावर?"

सिरिल माझा धाकटा. बेचाळीस वर्षांचा. घरं जवळ म्हणून पार्कात बंदूक चालत नाही, धनुष्यबाण चालतं. गावाने निवडलेल्या बारा तिरंदाजांत नेम त्याचाच. मारलेलं हरीण माझ्याकडे यायचं, मांस चर्चच्या अन्नछत्राला जायचं.

सासऱ्यांनी स्लोव्हाकियातून पेनसिल्व्हेनियात आणलेली एक रीत मी सगळ्यांना पाळायला लावते. जनावर पडलं की मारणाऱ्याने टोपी काढायची, पाइनची डहाळी मोडायची आणि त्याच्या तोंडात ठेवायची. शेवटचा घास. बाकीचे तिरंदाज हसायचे. मी सांगून ठेवलेलं, घास नसलेलं हरीण माझ्या आकड्यावर चढणार नाही. दुसरा खाटीक चाळीस मैलांवर, तेव्हा सगळे मुकाट डहाळी मोडायचे.

डिसेंबरात एका दुपारी सिरिल हात हलवत परत आला.

"हुकला?" मी विचारलं.

"नाही. बाण आरपार गेला. मोठी मादी होती. पडली. मी डहाळी ठेवली तोंडात. तिने ती चावली, आई."

"म्हणजे मेली नव्हती. डोळ्याला बोट लावून बघायचं असतं आधी. बापाने एवढंही शिकवलं नाही?"

"लावलं होतं बोट. पापणी हलली नाही. तरी चावली. सगळी खाल्ली, माझ्याकडे बघत. मग उठून गेली. दहा पावलांपुढे रक्ताचा थेंब नाही."

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. घास मेलेल्याला द्यायचा असतो. जित्याने तो खाल्ला तर ते जेवण होतं, आणि आपल्या हातचं जेवलेल्यावर बाण सोडायचा नसतो. हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे.

"आजोबा म्हणायचे, असं झालं तर त्या रानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही," सिरिल म्हणाला.

"तुझे आजोबा प्यायल्यावर पुष्कळ म्हणायचे. गावाला आपण शब्द दिलाय. भीती वाटत असेल तर सांग, डोनाला चढवते मचाणावर."

डोना माझी सून. ती हसली, गिऱ्हाइकं हसली. सिरिल गेला परत. मीच पाठवला.

त्याने आणलेल्या पुढच्या हरणाचं तोंड रिकामं होतं.

"घास कुठाय?"

"ठेवला होता."

मान उघडली तेव्हा अन्ननळीत हिरवा चोथा सापडला. पाइनचा वास आला. मरता मरता गिळलं असेल, मी म्हटलं. मग तसंच दुसरं आलं. मग तिसरं. बाकीच्या अकरा जणांच्या हरणांच्या तोंडात डहाळ्या जशाच्या तशा होत्या.

जानेवारीत पार्कखात्याचा रॉय पर्सेल आला. विमानातून कॅमेऱ्याने हरणं मोजतात ते त्याचं काम.

"हुदाकबाई, नोव्हेंबरात शहाण्णव होती. अडतीस मारली. आजही शहाण्णवच आहेत."

"चष्मा बदल."

"तीनदा उडालो." त्याने टोपी हातात फिरवली. "आणि ती सगळी एकाच ठिकाणी असतात. सिरिलच्या मचाणाखाली. वर बघत. बाकीच्यांना आता शेपूटसुद्धा दिसत नाही."

सिरिल तोवर वाळला होता. मांसाला हात लावत नव्हता. बोलावलं की आधी कान देऊन ऐकायचा, मग वळायचा. डोना म्हणाली, "आई, तो बसत नाही हो. अंगणात उभा राहतो तासन्‌तास. तुमचंच ऐकेल तो."

मला माझा मुलगा परत हवा होता. गाव गेलं खड्ड्यात. एप्रन न काढताच मी गाडी काढली.

दुपारचे तीन. उतारावरचं बर्फ खुरांनी तुडवून काळं झालेलं. हरणं झाडांमध्ये उभी होती. मी जवळून गेले तरी हलली नाहीत. एकीची कूस माझ्या हाताला घासली. गार होती, माझ्या शीतखोलीतल्या मांसासारखी.

मचाण रिकामं. धनुष्य फांदीला टांगलेलं.

सिरिल खाली उभा होता, त्यांच्या मधोमध.

समोर मोठी मादी. बरगडीत भोक, कडा सुकलेल्या. तिच्या तोंडात पाइनची डहाळी होती.

"सिरिल! घरी चल!"

त्याने टोपी काढली नव्हती. तिने मान पुढे केली. त्याने तोंड उघडलं.

मी धावले, घसरले, त्याची बाही धरली. हरणं बाजूला झाली, चर्चमध्ये लोक वाट देतात तशी.

"घेतलास?"

तो चावत होता. गिळलं त्याने.

"भूक लागली होती, आई."

घरी त्याने कोबीचं सूप दोनदा घेतलं, राय धान्याचा पाव खाल्ला. तीन आठवड्यांनी पोटभर जेवला. डोनाला रडू आलं. मलाही बरं वाटलं.

ताटल्या मी उचलल्या. त्याचा अर्धा पाव उरला होता.

माणसाने चावलेल्या पावावर दोन्ही बाजूंनी दातांच्या खुणा असतात. याच्या फक्त खालच्या बाजूला होत्या. वरची बाजू नुसती दाबलेली, ओढून तोडलेली.

हजारो जबडे गेलेत माझ्या हातांखालून. हरणाला वर पुढचे दात नसतात.

तो तुकडा मी डोनाने बघायच्या आत चुलीत टाकला. सिरिल आता कामावर जातो, तोंड मिटून हसतो. त्याच्या पावाची टणक कड मी रोज कापून देते.