पाटी आणि टोपली

आडबंदर हे तालुक्यातलं सर्वांत समृद्ध गाव आहे, असं वेशीवरची झगझगीत पाटी सांगत होती. त्याच पाटीखालून नीरजाची आई रिकामी टोपली घेऊन घरी येत होती. आता खरं कोण, पाटी की टोपली?

नीरजाला हे कोडं सुटेना. ओहोटी लागली की गावातल्या बायका खाडीत उतरत आणि चिखल चाचपून तिसऱ्या (शिंपल्यांतले खाण्याजोगे जीव) काढत. गेल्या वर्षी गावाने उपसाहोडी आणली. खाडीचा तळ पंपाने ओढून घेणारी ही होडी. तिसऱ्यांचे ढीग लागले, पाटीवरचा आकडा वर चढला आणि गावाने पेढे वाटले. आता खाडीचं फक्त वरचं वळण शिल्लक होतं. तिथेही होडी न्यायची का, हे संध्याकाळच्या ग्रामसभेत ठरणार होतं. तेही रितं झालं, तर आई कामासाठी शहरात जाणार आणि नीरजा मामाकडे राहणार, असं घरात बोलणं झालं होतं. नीरजाला मामा आवडायचा, पण आईशिवाय नाही.

ती तरातरा पंचायतीत गेली. गावाची समृद्धी मोजून पाटीवर आकडा लावणारा यंत्रमानव तिथे बसलेला असे. मुलं त्याला आकडेशास्त्री म्हणत.

"तू खोटारडो आसस!" नीरजा म्हणाली.

"मी खोटं बोलत नाही," आकडेशास्त्री शांतपणे म्हणाला. "खाडीतून बाहेर किती आलं, ते मोजायला गावाने मला सांगितलं. आत किती उरलं, ते कुणी विचारलंच नाही. आता मला सांग, तुझी मामी रोज कोंबड्यांची अंडी विकते. एके दिवशी तिने सगळ्या कोंबड्याच विकल्या. त्या दिवशी तिला कधी नव्हे एवढे पैसे मिळाले. ती श्रीमंत झाली का?"

"खुळी काय ती? दुसऱ्या दिवशी अंडी खंयसून येतली?"

"अंडी म्हणजे उत्पन्न (दरवेळी नव्याने हाती येणारं). कोंबड्या म्हणजे भांडवल (ज्यातून ते उत्पन्न येत राहतं). खाडीतल्या तिसऱ्या हे निसर्गाचं भांडवल. माझी पाटी कोंबड्या विकल्याचा आनंद साजरा करते आहे. शिवाय तिसऱ्या पाणी गाळून स्वच्छ करतात, त्या पाण्यात कोळंबीची पिल्लं वाढतात. त्या कामाचे पैसे कुणी देत नाही, म्हणून तेही माझ्या हिशेबात नाही."

नीरजाला एकदम आठवलं. "पण आमी ओंजळ दिली होती!"

आडबंदरची ही जुनी रीत. टोपली भरण्याआधी प्रत्येक बाई पहिली ओंजळ खाडीला परत देई. होडी आली त्या दिवशी तर सरपंचांनी नारळ फोडून, ताशे वाजवून ओंजळ सोडली होती. नीरजाही टाळ्या वाजवत होती.

आकडेशास्त्रीने त्या दिवसाचं चित्र भिंतीवर मोठं करून दाखवलं. सरपंचांच्या ओंजळीतला प्रत्येक शिंपला पंपाने फुटलेला होता.

"त्यो मेलेल्यो होत्यो," नीरजा पुटपुटली.

"हो. ओंजळ हा नुसता मान नव्हता. ते बियाणं होतं."

नीरजाला रडू आवरेना. एवढ्या थाटामाटात गावाने खाडीला काय दिलं होतं, तर फुटकी टरफलं.

संध्याकाळी तिने आकडेशास्त्रीला ते चित्र ग्रामसभेत दाखवायला लावलं आणि म्हणाली, "जा उरला, ता पण मोजा."

"अगो, आकडो खाली इलो तर तालुक्यात शोभा होतली आमची," सरपंच कळवळून म्हणाले.

तेव्हा नीरजाची आई उठली. "होडीसाठी मियां पण हात वर केलंय. वाकून वाकून पाठ मोडली होती, होडी बरी वाटली. पण खाडयेक जिवंत ओंजळ व्हयी. ती काय होडी देवची नाय, आमचे हातच देतले."

मग एकेक हात वर गेला, सर्वांत शेवटी सरपंचांचा. वरचं वळण राखायचं आणि खाडीत उरलेलंही मोजायचं ठरलं. होडीतून आलेल्या पैशांतून बायकांना मजुरी द्यायची आणि त्यांनी खाडी पुन्हा पेरायची, असंही ठरलं. आईचं शहर टळलं.

दुसऱ्या दिवशी पाटीवर आडबंदर तालुक्यात शेवटचं होतं. एसटीतली माणसं बोट दाखवून हसत होती. ओहोटीला आईने वरच्या वळणावरून तिसऱ्या वेचल्या आणि सगळ्या खालच्या उजाड चिखलात हलकेच पेरल्या. परतताना टोपली रिकामीच होती. पाटीखाली ती थांबली, आकडा वाचला आणि नीरजाला म्हणाली, "आता पाटी आणि टोपली एकच बोलतत."

खाडी भरायला किती वर्षं लागतील, हे आकडेशास्त्रीलाही नक्की सांगता आलं नाही. पण पुढच्या वर्षी चिखल चाचपताना नीरजाच्या बोटांना मसुरीएवढं काहीतरी टणक लागलं. तिने ते बाहेर काढून पाहिलं, आईला दाखवलं आणि होतं तिथेच परत ठेवलं.